नोंदवही कोणाकडे जाते, हे आधी सांगा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सुमारे चारशे घरांच्या एका सार्वजनिक गृहवसाहतीत आठ महिन्यांपूर्वी तुमची आरोग्य कार्यकर्ता म्हणून नेमणूक झाली. तुम्ही रक्तदाब आणि मधुमेह तपासणीची तीन शिबिरे घेतली, आहारावर व्याख्याने ठेवली, आठवड्यातून दोनदा व्यायामवर्ग सुरू केला, आणि प्रत्येक वेळी तीच सहा-सात माणसे आली. वरिष्ठांना उपस्थितीचे आकडे हवे आहेत. म्हणून आता भेटवस्तू ठेवाव्यात की घरोघरी फिरून आग्रह करावा, असे तुम्ही विचारता. शेवटी, गळ्यात ओळखपत्र घालावे की नाही, हेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. त्या शेवटच्या प्रश्नाकडे मी उत्तराच्या अखेरीस येईन, कारण तुम्हाला वाटतो तितका तो किरकोळ नाही.

मला मुख्य अडचण दिसते ती तुम्ही ओघात लिहिलेल्या एका तपशिलात. तुमचे टेबल वसाहतीच्या कार्यालयात, भाडे भरण्याच्या खिडकीशेजारी आहे, आणि शिबिराला आलेल्या प्रत्येकाकडून तुम्ही नाव, घर क्रमांक व घरातील माणसांची संख्या लिहून घेता. आता हेच चित्र रहिवाशाच्या बाजूने पाहा. त्याच्या घराचा मालक एक शासकीय यंत्रणा आहे. घरात कोण कोण राहणार, हे भाडेकरारात नावानिशी लिहिलेले आहे. अनेक देशांत सार्वजनिक घराचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नावरून ठरते. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे हिशेबात धरलेल्या उत्पन्नाच्या ३० टक्के असते. अशा ठिकाणी ‘घरात किती जण आहात?’ हा प्रश्न तुमच्या दृष्टीने आरोग्याचा असला तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो करारभंगाच्या चौकशीचा असतो. लेक नवऱ्याला सोडून दोन मुलांसह परत आलेली असते, भाऊ काम मिळेपर्यंत बाहेरच्या खोलीत झोपत असतो, आजी कागदोपत्री दुसऱ्याच पत्त्यावर राहत असते. ही सगळी माणसे तुमच्या शिबिराला यायला हवीत, आणि नेमकी हीच माणसे तुमच्या नोंदवहीला घाबरतात.

मी या कामात अठरा वर्षे आहे आणि हे मला कोणी शिकवले नाही. एका बुटांच्या जोडाने शिकवले. पहिल्याच वर्षी एका बाईंकडे मी गृहभेटीला गेले होते. त्यांनी मोकळेपणाने दार उघडले, मला बसायला सांगितले, पाणी दिले. मी पिशवीतून नोंदवही काढली तेव्हा त्या बोलता बोलता उठल्या आणि दाराजवळ असलेले पुरुषाचे बूट त्यांनी पायानेच हळूच दाराआड सरकवले. मग परत येऊन बसल्या आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणाल्या. त्या घरात मधुमेहाचे औषध मध्येच सोडलेला एक माणूस राहत होता, हे मला दीड वर्षांनी कळले, तेव्हा त्याच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली होती.

त्यानंतरही मी एक चूक केली, ती इथे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. एका वसाहतीच्या व्यवस्थापनाने वार्षिक अहवालासाठी शिबिरार्थींची यादी मागितली आणि मी ती घर क्रमांकासह देऊन टाकली. त्यात आजारांची माहिती नव्हती, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढच्याच महिन्यात एका कुटुंबाला करारात नाव नसलेली व्यक्ती घरात राहत असल्याबद्दल नोटीस आली. ती नोटीस माझ्या यादीमुळेच आली असे मी म्हणू शकत नाही. कदाचित शेजाऱ्याने तक्रार केली असेल. पण इमारतीने आपला निष्कर्ष काढला होता, आणि पुढचे सात महिने माझ्याकडे कोणीही साधा रक्तदाबसुद्धा मोजायला आले नाही. त्या यादीवर उपस्थितीचा आकडा मात्र उत्तम होता.

यावर काय करावे हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही. तुमचा पगार गृहयंत्रणा देते की आरोग्य विभाग की एखादी स्वयंसेवी संस्था, यावर तुम्हाला किती स्वायत्तता मागता येईल हे ठरते. वसाहतीत एकटे वृद्ध जास्त आहेत की लहान मुलांची कुटुंबे, यावर कामाचा आशय ठरतो. जवळपास परवडणारा डॉक्टर आहे की नाही, यावर तपासणी करावी की नाही हेदेखील ठरते, कारण उपचाराची सोय नसताना माणसाला त्याच्या आजाराचा आकडा सांगून घरी पाठवणे मला योग्य वाटत नाही. पण नोंदवहीचा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा आहे, आणि तो जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो.

तेव्हा सर्वांत आधी व्यवस्थापनाकडून एक पानभर लेखी समझोता करून घ्या. त्यात तीन गोष्टी असाव्यात: आरोग्याच्या नोंदी कार्यालयाच्या संगणकावर किंवा कपाटात ठेवल्या जाणार नाहीत, व्यवस्थापनाला फक्त एकूण आकडे मिळतील, नावे किंवा घर क्रमांक मिळणार नाहीत, आणि तुम्ही घरात पाहिलेली कोणतीही गोष्ट भाडेकराराच्या कारवाईसाठी विचारली जाणार नाही. सही मिळायला वेळ लागेल, कदाचित महिने लागतील, पण तोवर निदान घर क्रमांकाचा रकाना स्वतःच्या अधिकारात काढून टाका. पाठपुराव्यासाठी दूरध्वनी क्रमांक पुरतो. घरातील माणसांची संख्या तुम्हाला खरोखर कशासाठी लागते, हेही स्वतःला विचारा. मला तरी ती बहुतेकदा फक्त फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून लागत असे.

समझोता झाला की तो रहिवाशांना तोंडी सांगा, आणि त्याचे अपवादही त्याच वेळी सांगा. मुलाच्या जिवाला धोका दिसला, कोणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठले असेल, तर मला गप्प बसता येणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. माझ्या सहकाऱ्यांना वाटत असे की याने माणसे आणखी दूर जातील. माझा अनुभव उलट आहे. ‘सगळे गुप्त राहील’ या वाक्यावर या वसाहतींत कोणी विश्वास ठेवत नाही, कारण ते त्यांनी याआधी अनेक विभागांच्या माणसांकडून ऐकलेले असते. कुठे गप्प बसणार आणि कुठे नाही हे नेमके सांगणाऱ्या माणसाचे शब्द त्यांना तपासून पाहता येतात, आणि ते तपासतातच. सुरुवातीला तुम्हाला एखादी क्षुल्लक गोष्ट सांगितली जाईल आणि ती कार्यालयात पोहोचते का, याची वाट पाहिली जाईल.

दुसरा मुद्दा आशयाचा. तुम्ही आहार आणि व्यायामापासून सुरुवात केली, ती बहुधा प्रकल्पाच्या मसुद्यात तसे लिहिले होते म्हणून. रहिवाशांना ‘तुमच्या आरोग्याला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ असे विचारून पाहा. ओल, बुरशी, झुरळे, उंदीर, बंद पडलेली लिफ्ट, रात्रीचा गोंगाट, जिन्यातला अंधार ही उत्तरे येतील. ही तक्रारखोरी नव्हे, हे बरोबर निदान आहे. अमेरिकेतील शहरांच्या गरीब वस्त्यांमधील दम्याच्या मुलांचा एक मोठा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपण्याच्या खोलीतल्या धुळीत झुरळांचे अंश भरपूर होते, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. अशा मुलाच्या आईला आहारावरचे व्याख्यान ऐकवायला बोलावणे आणि ती आली नाही म्हणून ‘जागरूकता कमी’ असा शेरा मारणे, हे मीही केले आहे.

मी आता सुरुवात भिंतीपासून करते. एका घरी दम्याचा सहा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई रोज ब्लीचने भिंत पुसत होती, तरी बुरशी परत येत होती, आणि ब्लीचच्या वासाने मुलाचा खोकला वाढत होता. आम्ही दोघींनी मिळून पलंग भिंतीपासून ओढला. गादीच्या मागच्या बाजूला, नेमक्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढा करडा डाग होता आणि हात लावला तर कापड दमट लागत होते. डाग वरून खाली ओघळल्यासारखा असेल तर वरच्या घराच्या नळातून किंवा छतातून गळती असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या थंड भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, हवा खेळत नाही अशा ठिकाणी ठिपक्यांसारखी बुरशी असेल तर घरातली वाफ तिथे थंड होऊन पाणी धरते असे समजावे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुरुस्ती विभाग बहुतेक वेळा ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही’ असे सांगून दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवतो. इथे ओघळ स्पष्ट होता. मी आईसोबत बसून तक्रारीचा कागद तयार केला: तारीख, खोली, डागाचे मोजमाप, मोजपट्टी शेजारी धरून काढलेले छायाचित्र, याआधी तक्रार केल्याच्या तारखा, आणि आईच्या परवानगीने डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी. तक्रार तिच्या नावाने गेली, माझ्या नावाने नाही. नळ बदलायला पाच आठवडे लागले. नळ बदलल्याची बातमी मात्र एका संध्याकाळीत चार मजले फिरली, आणि पुढच्या शनिवारी माझ्याकडे अकरा माणसे रक्तदाब मोजायला आली.

तुमच्या ठिकाणी यंत्रणेवर वेळेचे बंधन घालणारा काही नियम आहे का, हे शोधा. इंग्लंडमध्ये २०२० साली बुरशी लागलेल्या सामाजिक घरात, म्हणजे कमी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरात, राहणारा दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर तिथे २०२३ च्या कायद्यात तरतूद झाली, ती त्या मुलाच्या नावाने अवाबचा कायदा म्हणून ओळखली जाते. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या मालकांना गंभीर ओल आणि बुरशीची पाहणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते आणि तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई करावी लागते. असा नियम जिथे आहे तिथे तक्रारीवरची तारीख हे तुमच्या हातातले खरे साधन असते. झुरळांबाबत एक व्यावहारिक सूचना: एका घरात फवारणी केली तर झुरळे शेजारच्या घरात जातात आणि मुलाच्या छातीत औषधाची वाफ जाते. फटी बुजवणे, पाइपांभोवतीची भोके बंद करणे, गळणारे पाणी थांबवणे आणि झुरळे मारणाऱ्या जेलचे आमिष ठेवणे, हे संपूर्ण जिन्यातल्या घरांसाठी एकदम करून घ्यायला हवे.

अर्थात घराच्या प्रश्नाला मर्यादा आहेत आणि तुम्ही वसाहत बदलू शकत नाही. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतील पाच शहरांत सार्वजनिक घरांतल्या काही कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात घर भाड्याने घेण्यासाठी मदत दिली गेली. १० ते १५ वर्षांनी त्या गटातील स्त्रियांमध्ये तीव्र स्थूलता आणि मधुमेह यांचे प्रमाण काहीसे कमी आढळले, आणि त्या प्रयोगात आहाराचे किंवा व्यायामाचे कोणतेही वर्ग नव्हते. हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. तुमच्या व्यायामवर्गाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज असलेला बरा.

आता तपासणीकडे. तुमचे शिबिर चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात होते असे तुम्ही लिहिले आहे. माझ्याकडे एकदा एक वृद्ध गृहस्थ लिफ्ट बंद असताना जिना चढून आले, धापा टाकत बसले, आणि रांग मोठी असल्याने मी लगेच मोजले: वरचा आकडा १७२. ते घाबरून गेले. त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता दहा मिनिटे बसू दिले आणि जाड दंडाला साजेसा मोठा पट्टा बांधून परत मोजले तर १४६. हा आकडाही वाढलेलाच आहे आणि त्याचा पाठपुरावा हवाच, पण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की आकडा खोटा वाढतो. प्रत्येक कार्यकर्त्याकडे निदान दोन मापांचे पट्टे असावेत. आणि तपासणी तळमजल्यावर आणा.

मात्र त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोजल्यानंतर काय. लॉस एंजेलिसमधील ५२ केशकर्तनालयांत झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. एका गटाला नाभिकांनी जीवनशैली सुधारण्याचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला; दुसऱ्या गटाला औषधतज्ज्ञ (फार्मासिस्ट) त्याच दुकानात भेटून, डॉक्टरांशी ठरवून, औषधे लिहून देत आणि बदलत. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९ अंकांनी उतरला, दुसऱ्यात २७ अंकांनी. विश्वासाची जागा दोन्ही गटांना सारखीच मिळाली होती; फरक पडला तो उपचार त्या जागेपर्यंत आल्यामुळे. म्हणून चौथे शिबिर घेण्याऐवजी महिन्यातून दोन सकाळी एखादा डॉक्टर किंवा परिचारिका तळमजल्यावर बसेल, अशी व्यवस्था करण्यात तुमची शक्ती घाला. जमले नाही तर जवळच्या दवाखान्यात तुमच्या माणसांसाठी ठरावीक वेळ राखून घ्या, आणि पहिल्या खेपेला सोबत जा.

घरोघरी फिरून आग्रह करायचाच असेल तर तो एकट्याने करू नका. वसाहतीत अशा दोन-तीन व्यक्ती असतातच, ज्यांच्याकडे रात्री ताप मोजायला किंवा औषधाच्या चिठ्ठीवरचे वाचून घ्यायला लोक जातात. त्या व्यायामवर्गाला येणाऱ्या सहा-सात जणींपैकीच असतील असे नाही. अनेकदा त्या कोणत्याच कार्यक्रमाला येत नाहीत. त्यांना शोधा, शिकवा आणि कामाचे मानधन द्या, कारण गरीब माणसांकडून फुकट काम करून घेऊन त्याला ‘सहभाग’ म्हणणे मला पटत नाही. पण मानधन देण्याआधी ते भाड्याच्या हिशेबात किंवा इतर शासकीय मदतीत धरले जाते का, याची लेखी खात्री करून घ्या. माझ्या एका सहकारी बाईंचे मानधन सुरू झाले आणि तिसऱ्या महिन्यात भाडे वाढले. हातात पडले त्यापेक्षा गेले जास्त, आणि काम सोडताना त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटले.

धूम्रपानाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण नोंदवहीचीच भीती इथे दुसऱ्या रूपात येते. अमेरिकेत ३० जुलै २०१८ पर्यंत सर्व सार्वजनिक गृहयंत्रणांना घरांच्या आत आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत सिगारेट ओढण्यावर बंदी लागू करावी लागली. शेजाऱ्याच्या धुरापासून मुलांना वाचवण्यासाठी अशी बंदी योग्य आहे, असे माझेही मत आहे. पण असा नियम जिथे असतो तिथे व्यसनमुक्तीचा सल्ला मागायला येणे म्हणजे करारभंगाची कबुली देणे होऊन बसते. तुमच्याकडे असा नियम असेल तर त्याच्या अंमलबजावणीशी तुमचा काडीचाही संबंध असू नये, आणि हे कार्यालयाला तुम्ही जितक्या स्पष्टपणे सांगाल तितकेच रहिवाशांनाही सांगा.

भेटवस्तूंबाबत माझे मत थोडक्यात: सर्वेक्षणात किंवा बैठकीत कोणाचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला जरूर द्या, शिबिराला येण्यासाठी बक्षीस ठेवू नका. बक्षिसाने आकडा एकदा वाढतो आणि पुढच्या वेळी बक्षीस नसले की पूर्वीपेक्षाही खाली जातो.

वरिष्ठांना मात्र आकडे द्यावेच लागतील, आणि ते चुकीचे आहे असेही नाही. फक्त आकडा बदला. ‘शिबिराला किती आले’ याऐवजी असे मांडा: वाढलेला रक्तदाब आढळलेल्या वीस जणांपैकी किती जणांचे दुसरे मोजमाप महिन्याभरात झाले, किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचले, सहा महिन्यांनी किती जणांचे औषध चालू आहे, ओल आणि कीटकांच्या किती तक्रारी गेल्या, किती मिटल्या, सरासरी किती दिवसांत. हे आकडे सुरुवातीला लहान दिसतात. एखादे वरिष्ठ त्यावर नाराज होतील, पण वीसपैकी तेरा जण औषधावर टिकले हे वाक्य पुढच्या वर्षीच्या निधीच्या बैठकीत तीनशे उपस्थितांच्या यादीपेक्षा जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे. व्यायामवर्ग चालू ठेवा. ज्या सहा-सात जणी येतात त्यांना तो हवा आहे, आणि एकटे राहणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा कोणीतरी नावाने हाक मारणे हेही थोडे नाही. त्याला तुमच्या कामाचे मोजमाप मात्र करू नका.

आता ओळखपत्र. ते जरूर घाला, कारण अनोळखी माणसाला दार उघडायचे की नाही हे ठरवण्याचा रहिवाशाला हक्क आहे. पण त्यावर बोधचिन्ह कोणाचे आहे ते आधी पाहा. गृहयंत्रणेचे असेल तर बदलून मागा. पगार तिच्याकडूनच येत असला तरी आरोग्य विभागाच्या किंवा दवाखान्याच्या नावाचे ओळखपत्र बहुतेक ठिकाणी मागून मिळते. ते मिळेपर्यंत, दार उघडल्यावर पहिल्या वाक्यात पगार कोण देते ते सांगा आणि दुसऱ्या वाक्यात नोंदवही कोणाकडे जाते ते सांगा. आणि टेबल त्या खिडकीशेजारून हलवा, शक्य असेल तर याच आठवड्यात, मग ते जिन्याखाली ठेवावे लागले तरी चालेल.